कपाळाच्या खाली हात लावायचा नाही

स्पंज त्यानं माझ्या हातातून काढून घेतला. ओढून नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरून, अलगद. मेलेलं झुरळ उचलतात तसा. आणि सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आता हा वापरता नाही येणार," तो म्हणाला. "बाईमाणसाचा हात लागलाय."

लाइटवाले दोघं-तिघं हसले. कॅमेऱ्यामागचा मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला.

मग त्यानं माझ्या कपाळासमोर, केस सुरू होतात तिथे, हवेत बोटानं आडवी रेघ मारली.

"ह्याच्या वर तुझं. ह्याच्या खाली माझं. चौदा वर्षं झाली ना तुला लाइनीत? अजून समजत नाही?"

झालं होतं ते एवढंच. लग्नाचा सीन होता. वसईजवळ सातिवलीच्या एका गोडाउनमध्ये आमचा सेट. बाहेरून पत्रे, आत प्लायवूडचा बंगला, प्लायवूडचं देवघर, प्लायवूडचा जिना. एप्रिलची दुपार. साउंडमध्ये आवाज येतो म्हणून कूलर बंद. हिरोइन शालू नेसून, दागिने घालून उभी. तिच्या नाकाखाली घाम जमला. डायरेक्टर ओरडला, टचअप! अरुणदादा, म्हणजे आमच्या सिरियलचा मेकअपमन, चहा प्यायला बाहेर गेलेला. दुसऱ्यांदा ओरडला. तिसऱ्यांदा म्हणाला, "अरे कोणीतरी पुसा रे तिला!"

मी तिच्या गजऱ्याची पिन लावत बाजूलाच होते. मी स्पंज उचलला, ओठावरचा घाम टिपला, बाजूला झाले. शॉट ओके झाला. तेवढ्यात हा आत आला.

प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याजवळ आला. वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता. कानाशी येऊन म्हणाला, "ताई, दादांच्या पाया पडा आणि विषय संपवा. लंच लांबतोय."

मी पडले.

हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणाला वाटायला नको की मी पहिल्यापासून वाघीण होते. मी वाकले. अरुणदादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पांढरे स्पोर्ट शूज घातलेले. मी त्या बुटांना हात लावला आणि तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अखंड सौभाग्यवती भव." ह्या वेळेला सगळेच हसले. हिरोइनसुद्धा. ती मनानं चांगली होती, पण हसली.

नंतर मी जेवले. हो, जेवले. डाळ, भात, फ्लॉवरची भाजी. खाली मान घालून. दोन वाजता सासूबाईचं काम करणाऱ्या नटीचा अंबाडा घालायचा होता, तो घातला.

*

मी पाचूबंदरची. कोळ्याची मुलगी. वडील होडीवर, आई वसईच्या बाजारात मासे विकायची. अजूनही विकते, सत्तरी ओलांडली तरी. घरात आम्ही चौघी बहिणी. मी तिसरी. मला लहानपणापासून केसांत हात घालायची सवय. बहिणींच्या वेण्या मीच घालायचे. दहावी झाल्यावर स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये झाडू मारायला लागले आणि झाडता झाडता शिकले. तीन वर्षांत गावातल्या नवऱ्या माझ्याकडे यायला लागल्या. चर्चच्या लग्नाला वेल, म्हणजे ती पांढरी जाळी, लावायचा, वर मुकुट बसवायचा, केस असे बांधायचे की फोटोत वेल घसरता कामा नये. आणि चेहरा. चेहरा तर मीच करायचे. दुसरं कोण करणार? पाचूबंदर, गिरीज, नंदाखाल. कुठल्या कुठल्या घरांत मी पहाटे जाऊन बसलेय. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी, बाहेर बँडवाले, आणि मी त्या मुलीची हनुवटी धरून म्हणतेय, वर बघ, वर बघ, रडू नको, काजळ फुटेल.

सावळ्या मुलींना मी कधी पांढरं केलं नाही. हे मला लोक अजून सांगतात. तुझ्याकडून तयार झाली की मुलगी मुलीसारखीच दिसते, असं म्हणतात.

पुढे लग्न झालं. नवरा वसई पूर्वेला एका प्लास्टिकच्या कारखान्यात. दोन मुलं. तेव्हा ह्या भागात शूटिंग वाढायला लागलं होतं. गोडाउनं भाड्यानं घेऊन सेट लागायचे. एका ओळखीच्या बाईनं मला नेलं. मला वाटलं, रोज नवऱ्या तयार करायच्या, तेवढंच काम आहे. सेटवर काम करायला युनियनचं कार्ड लागतं. युनियनच्या ऑफिसात ते काढायला गेले तर कार्डावर लिहून आलं, हेअर.

मी म्हटलं, मला मेकअप पण येतो.

खिडकीतला माणूस म्हणाला, "येत असेल. बायकांना हेअरचंच कार्ड मिळतं."

"का?"

त्यानं वर बघितलं. खरंच बुचकळ्यात पडला होता. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नसावा. म्हणाला, "मेकअप पुरुषांचं काम आहे ना. घरं चालतात त्यांची."

माझंही घर होतं. हे मला त्या खिडकीसमोर सुचलं नाही. बसमध्ये बसल्यावर सुचलं.

मग बऱ्याच वर्षांनी बातमी आली. कोर्टानं सांगितलं म्हणे, बायकांनाही मेकअपचं कार्ड द्या. आम्ही हेअरच्या बायका खूश झालो. मी पुन्हा त्या खिडकीशी गेले. दुसरा माणूस बसला होता. तो हसून बोलला. "वहिनी, कागदावर झालंय. पण घेणार कोण तुम्हाला? अरुणदादासारखे लोक काम थांबवतील. प्रोड्यूसर कशाला भांडण विकत घेईल?" मी घरी आले. पोळ्या केल्या. खरं सांगते, मी जोर लावला नाही. बारा-बारा तास उभं राहून पायांच्या शिरांच्या गाठी झाल्या होत्या. भांडायला निदान बसायला तरी मिळावं लागतं.

सेटवर मला नाव नव्हतं. "हेअर कुठाय?" "हेअरला पाठवा." "हेअर, जरा बाजूला." बायका आम्ही मोजक्याच. हेअरच्या दोघी आणि कपड्यांची एक. संडास दोन. एक नटनट्यांचा. दुसरा बाकी युनिटचा, त्याला आतून कडी नव्हती. म्हणून आम्ही शेजारच्या रबराच्या कारखान्यात जायचो. तिथे कामगार बायकांसाठी वेगळा होता. वॉचमनला विचारून जायचं. पाळीच्या दिवसांत चार-चार वेळा विचारायचं. तो म्हातारा शेवटी म्हणाला, "बेटी, अब पूछ मत, आया कर." ह्या लाइनीत मला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत ती. आणि ती लाइनीच्या बाहेरच्या माणसानं दिली.

*

साक्षी आली त्या वर्षी पावसाळ्यानंतर. वय एकवीस. सोलापूरकडची. विरारला आणखी तीन मुलींबरोबर भाड्यानं राहायची. हिरोइनच्या धाकट्या जावेचं काम. आधी चार वाक्यं असायची. चहा ठेवते, वहिनी. आले, आई. मग लेखकांना सुचलं की हिचा नवरा हिला मारतो. तो भाग लोकांना आवडला. रेटिंग वर गेलं. झालं. मग रोज मार.

मार कॅमेऱ्यावर नसायचा. वळ असायचे. पाठीवर, दंडावर, मानेखाली. मोठ्या गळ्याचा ब्लाउज, पाठमोरी उभी, पदर सरकतो, आणि हिरोइनला वळ दिसतात. ते वळ रंगवायचे अरुणदादानं.

मेकअपरूमचं दार बंद व्हायचं. आधी अर्धा तास. मग पाऊण. मग तासाच्या वर.

तिथून ती माझ्या खुर्चीत यायची. मी बारा-पंधरा वर्षं माना बघतेय. माणूस तोंडानं खोटं बोलतो, मान बोलत नाही. पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली की बडबडायची. आईनं शेंगांची चटणी पाठवलीय ताई, उद्या आणते. तिसऱ्या आठवड्यात मी फणी लावली तरी खांदे वर जायचे. कानापर्यंत. मी म्हणायचे, सैल सोड. ती सोडायची, पुन्हा वर.

एक दिवस आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, ते वळ तुम्ही काढाल का?"

"मला चालत नाही गं. मी हेअर."

मी गंगावन बांधत होते.

"ते खूप वेळ लावतात, ताई."

एवढंच म्हणाली. आणि मला कळलं. लगेच कळलं. त्याबद्दल मी स्वतःशी खोटं बोलणार नाही. माझे हात थांबले, आणि मग परत चालू झाले. मी म्हटलं, "मॅडमशी बोल."

मॅडम म्हणजे चॅनेलकडून येणाऱ्या, गोष्टीवर लक्ष ठेवणाऱ्या. बाई हुशार. बायकांच्या प्रश्नांवर भाषणं करायच्या. मार खाणाऱ्या बायकांना धीर मिळावा म्हणून हा भाग आपण दाखवतोय, असं त्यांनी सगळ्या युनिटला उभं करून सांगितलं होतं. साक्षी त्यांच्याकडे गेली. परत आली ती पाच मिनिटांत.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दादा सीनिअर आहेत, प्रोफेशनल आहेत. तू नवीन आहेस म्हणून तुला तसं वाटतं."

दुसऱ्या दिवशी अरुणदादाला सगळं माहीत होतं. मेकअपरूमच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "या मॅडम. आमचा हात टोचतो म्हणे तुम्हाला. आज मऊ ब्रश आणलाय." आणि माझ्याकडे बघितलं. दार बंद झालं.

मी बाहेर उभी होते. माझ्या हातात पिनांची डबी होती. दाराच्या आतून काही आवाज आला नाही. काहीच नाही.

*

त्या संध्याकाळी पॅकअप लवकर झालं. मी घरी न जाता आईकडे गेले. ती अंगणात बोंबील साफ करत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. स्पंजचंही सांगितलं. पाया पडले तेही.

आई ऐकत होती. सुरी थांबली नाही.

"ती पोरगी कोनाची?" तिनं विचारलं.

"सोलापूरची. हिथे तिचं कोणी नाही."

"मंग तू काय केलंस?"

"मी काय करणार, आय? माझं काम जाईल."

"जाईल," आई म्हणाली.

मला वाटलं ती पुढे काहीतरी बोलेल. समजावेल. माझ्या आईनं आयुष्यभर बाजारात पुरुषांशी भांडून जागा राखली. एकदा एका दलालाच्या अंगावर टोपली टाकली होती. ती म्हणेल, जा, भांड. किंवा म्हणेल, जाऊ दे बाय, पोरांकडं बघ. दोन्हीतलं काही म्हणाली नाही. बोंबील पाण्यात टाकले, हात धुतले आणि म्हणाली, "पन तू दाराभायेर उबी व्हतीस ना गो?"

मी उठून घरी गेले. रस्ताभर मला तिचा राग येत होता. स्टँडपर्यंत राग. रिक्षात बसल्यावर कळलं, तो तिचा नाही.

सकाळी निघताना मी कपाटातून नवरी सजवायची माझी पेटी काढली. ब्रश, रंग, स्पंज. नवरा चहा पीत होता. म्हणाला, "आज लग्न आहे कुठे?"

"नाही."

त्यानं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शनिवारी फी भरायची आहे पोराची," एवढंच म्हणाला. थांब म्हणाला नाही. जा पण म्हणाला नाही. आम्ही दोघंही दमलेली माणसं. आमच्यात एवढंच बोलणं शिल्लक असतं.

*

साक्षीचा कॉल, म्हणजे सेटवर यायची वेळ, नऊचा होता. अरुणदादा हिरोइनच्या खोलीत होता. मी साक्षीला हाताला धरून हेअरच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.

"ताई?"

"पाठ कर."

ती पाठमोरी बसली. मी पेटी उघडली. वळ कसे असतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्नघरी मी जितके चेहरे रंगवले, तितकेच वळ झाकले आहेत. नवरीच्या मावशीच्या दंडावरचे. करवलीच्या गालावरचे. एकदा नवरीच्याच मानेवरचे, भावानं मारलेले. ताजा वळ लाल असतो, दुसऱ्या दिवशी जांभळा, चार दिवसांनी मधोमध हिरवट होतो आणि कडेनं पिवळा पडत जातो. अरुणदादा सगळे वळ एकाच जांभळ्या रंगात काढायचा. त्याला बघायची वेळ कधी आली नसेल.

मी प्रत्येक वेळी आधी सांगितलं. आता खांद्यावर हात ठेवतेय. आता ब्रश लावतेय, गार लागेल. आता मणक्याच्या बाजूला. ती हूं म्हणायची. तिसऱ्या वळाला खांदे खाली आले.

अकरा मिनिटं लागली. मी मोबाइलवर वेळ बघून ठेवली होती.

शेवटचा वळ पुसट करत होते तेव्हा दार वाजलं. हातानं नाही, बुटानं.

"हेअर! दार उघड."

मी हात पुसले. साक्षीच्या अंगावर शाल टाकली. दार उघडलं. अरुणदादा, त्याच्या मागे मॅनेजर, मागे आणखी दोघं-तिघं.

"झालंय," मी म्हटलं.

त्यानं आत येऊन शालीला हात घातला. साक्षीनं शाल घट्ट धरली. मी मध्ये उभी राहिले. मोठं काही केलं नाही. नुसती मध्ये उभी राहिले.

"मॉनिटरवर बघा," मी म्हटलं.

तो वळला आणि त्याच्या माणसांना म्हणाला, "पेट्या बंद करा. आज काम नाही." पाच मिनिटांत मेकअपची सगळी माणसं बाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथे जाऊन बसली. शूटिंग बंद. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. मॅडमना फोन गेला. त्या अर्ध्या तासात आल्या.

सगळे प्लायवूडच्या दिवाणखान्यात जमले. मी उभी. अरुणदादा सोफ्यावर.

मॅनेजर पुन्हा तेच म्हणाला. "ताई, पाया पडा, विषय संपवा."

"नाही."

"अहो, एका मिनिटाचं काम आहे."

"मागच्या वेळी केलं. आता नाही."

मॅडम माझ्याजवळ आल्या. माझ्या दंडाला हात लावून हळू म्हणाल्या, "तुम्ही समजूतदार आहात. मी पण बाई आहे, मला कळतं. पण असं करून त्या मुलीचंच नुकसान होतंय ना?"

"मॅडम, तिची पाठ रंगवायला तास लागत नाही. अकरा मिनिटं लागतात. बाकीचा वेळ कशाला लागायचा, ते त्यांना विचारा."

मॅडमनी माझ्या दंडावरचा हात काढला. अरुणदादा उठला. चेहरा लाल. म्हणाला, "बघा. आता आरोप. ह्याच्यासाठीच बायकांना घेत नाही लाइनीत." आणि साक्षीकडे वळून म्हणाला, "काय गं? मी काय केलं तुला? सांग सगळ्यांसमोर."

मॅडमनी पण तिच्याकडे बघितलं. "साक्षी, तू सांगितलंस ह्यांना असं काही?"

साक्षी शाल धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघून म्हणाली, "नाही."

मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं ते. एकवीस वर्षांची मुलगी. समोर पन्नास माणसं. तिला पुढच्या महिन्यातही तिथेच उभं राहायचं होतं. मीही तशीच वाकले होते ना, चौदा वर्षं काढून झाल्यावर, चाळिशीची बाई असून. तिला कुठल्या तोंडानं बोलू?

"बघा," अरुणदादा म्हणाला.

मी म्हटलं, "ती नाही म्हणाली. मी हो म्हणते. मी दाराबाहेर उभी होते, रोज. मी लिहून देते."

मग मी माझी पेटी उचलली. पिना, फण्या, गंगावनं पिशवीत भरली. मॅनेजर मागून येत म्हणाला, "ताई, उद्या नका येऊ." मी म्हटलं, "हेही लिहून द्या." त्यानं दिलं नाही.

शूटिंग दुपारी चालू झालं. साक्षीच्या पाठीवर मी काढलेलेच वळ ठेवले. पुसून पुन्हा काढायला वेळ नव्हता आणि डायरेक्टरला ते आवडले, असं मला कपड्यांच्या बाईनं फोनवर सांगितलं. तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा मी आईकडे होते. आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. बघून म्हणाली, "खऱ्यासारके हायेत." मग बटण दाबून टीव्ही बंद केला.

*

तक्रार मी लिहिली. चार पानं. माझ्या मुलीनं मला शुद्धलेखन बघून दिलं. सेटवर एक कागद चिकटवलेला असायचा, महिलांच्या तक्रारीसाठी समिती म्हणून. त्यावरच्या पत्त्यावर पाठवली. पंधरा दिवसांनी बोलावलं. आत गेले तर समितीत मॅडम बसलेल्या. त्यांनी मला पाणी दिलं. विचारलं, तुम्ही स्वतः आत काय बघितलंत? मी म्हटलं, आत काही बघितलं नाही, दार बंद असायचं. त्यांनी लिहून घेतलं, प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी म्हटलं, दार का बंद असायचं, ते पण लिहा. ते लिहिलं की नाही मला माहीत नाही. प्रत मागितली, देतो म्हणाले.

काम बंद झालं. नायगावला दोन सेटवर विचारलं. एका ठिकाणी म्हणाले, भरलंय. दुसऱ्या ठिकाणचा मॅनेजर ओळखीचा होता, तो खरं बोलला. "ताई, तुमचं नाव पुढे आलंय सगळीकडे." चौदा वर्षांत पहिल्यांदा ह्या लोकांना माझं नाव माहीत झालं.

साक्षीचं पात्र जिन्यावरून पडून मेलं. म्हणजे सिरियलमध्ये. ती सोलापूरला परत गेली. दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. "ताई मी त्या दिवशी खोटं बोलले. मी लिहून देईन. पण आत्ता नाही जमणार." मी उत्तर दिलं, "जेवत जा वेळेवर." दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही. तिनं अजून लिहून दिलेलं नाही. मी मागणारही नाही. ते तिचं आहे.

अरुणदादा त्याच सेटवर आहे. तब्येतीनं बरा आहे म्हणे.

मी पुन्हा नवऱ्या सजवायला लागले. मोसम असला की बरं चालतं. नसला की नवऱ्याच्या पगारावर. घरात कोणी बोलून दाखवत नाही. पण मुलानं क्लास सोडला आणि तो म्हणाला, मलाच नव्हता आवडत. मी त्याचं ऐकून घेतलं. रात्री पाय दुखतात. उभं राहणं कमी झालं तरी दुखतात. कधी कधी वाटतं, झक मारली आणि पेटी घेऊन गेले. हे वाटतं, म्हणून सांगते. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

जानेवारीत मी मेकअपच्या कार्डासाठी अर्ज केला. परीक्षेला बोलावलं. परीक्षक तिघं, तिघं पुरुष. माझी धाकटी बहीण चेहरा म्हणून बसली. म्हातारी करून दाखवा म्हणाले. मी केली. माझ्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि बहिणीच्या तोंडावर उतरवला. कपाळावरच्या आठ्या, उन्हानं रापलेली गालफडं, ओठांच्या कडेला मिठानं पडतात तशा चिरा. बहिणीनं आरशात बघितलं आणि तिचे डोळे भरले. परीक्षकांतला एक खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिला. मग मागे टेकला.

"हात चांगला आहे," तो म्हणाला. "पण हे लग्नाबिग्नाचं काम. लाइनीत वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

"ते अनुभवानं येतं."

"अनुभव कसा येणार कार्डाशिवाय?"

दुसरा म्हणाला, "वहिनी, हेअरमध्ये तुमचं काय वाईट चाललं होतं?"

नापास. कारण तोंडी. कागद नाही.

गेल्या आठवड्यात एक फोन आला. नवीन सिरियल, वसईतच सेट. हेअरसाठी माणूस हवंय. जुनं सगळं विसरायला तयार आहोत म्हणाले. फक्त मेकअपचं खूळ डोक्यातून काढा आणि ती तक्रार मागे घेतली असं दोन ओळींत लिहून द्या. नवरा समोर बसला होता. त्याला ऐकू जात होतं. मी फोन धरून बराच वेळ गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर मुलाचा क्लास आला, घराचं गळकं छप्पर आलं. त्या माणसाला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो करायला लागला.

मी म्हटलं, "हेअर करीन. तक्रार मागे घेणार नाही. मेकअपच्या कार्डासाठी पुन्हा अर्ज करणार आहे."

"मग अवघड आहे, ताई."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळानं कमी केला. म्हणाला, "दुसरा अर्ज टाइप करून आणू का? कारखान्यासमोर एक दुकान आहे."

अर्ज टाइप झालाय. तीन प्रती. सोमवारी मी त्या खिडकीशी जाणार आहे. माझ्याबरोबर हेअरच्या आणखी दोघी येतो म्हणाल्यात. आल्या तर आल्या. नाही आल्या तर मी एकटी जाईन. मला आता कोणाशी वाद घालायचा नाही, तेवढी ताकद पण नाही. मी अर्ज देणार, पोचपावतीचा शिक्का घेणार. परीक्षा द्या म्हणाले तर पुन्हा देणार. नापास केलं तर कारण लिहून मागणार. लिहून देत नाहीत तोपर्यंत तिथून हलणार नाही. ऑफिस बंद झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसणार. पाय दुखतात, म्हणून घरून बसायला स्टूल नेणार आहे.

बाई आहे म्हणून कार्ड देत नाही, एवढं एक वाक्य त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. ते घेऊन मी कोर्टात जाईन. आणि ते लिहायची हिंमत नसेल, तर कार्ड द्यावं.

ह्या दोन्हीतलं एक घेतल्याशिवाय मी परत येणार नाही.